खान्देशात हिवाळ्यासाठी वेगळे टायर लागतात का?

गेल्या डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला निघालो होतो. घोडेबाजार सकाळच्या उन्हात बघायचा म्हणून पहाटे साडेपाचलाच जळगाव सोडलं. काचा बंद, अंगात स्वेटर, थर्मासात चहा. अमळनेरच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. चाकात हवा कमी.

पुढे रस्त्याकडेला पंक्चरवाल्याची टपरी होती. गडी नुकताच उठून शेकोटीपाशी बसला होता. त्यानं चारही चाकांवर साबणाचं पाणी मारलं, व्हॉल्व्हला ओलं बोट लावून पाहिलं. कुठे बुडबुडा नाही. मीटर लावला तर चारही चाकांत २५-२६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). माझ्या गाडीला ३३ लागते. "पंक्चर नही शे भाऊ," तो म्हणाला, "थंडीमा हवा बठी गयी." हवा भरली, वीस रुपये घेतले आणि पुन्हा शेकोटीला जाऊन बसला.

मागच्या सीटवर माझा भाचा होता. जर्मनीत नोकरीला आहे, सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "मामा, तुम्ही अजून विंटर टायर लावलेच नाहीत?"

गाडीत सगळे हसले, पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. त्याच्याकडे ऑक्टोबर आला की लोक गाडीचे चारही टायर बदलतात आणि ईस्टरच्या सुमारास परत उन्हाळी टायर चढवतात. काढलेले टायर गॅरेजवाला भाडं घेऊन सांभाळतो. त्या सोयीला तिकडे चक्क 'टायर-हॉटेल' म्हणतात. आपल्याकडे माणसांना लॉजिंग-बोर्डिंग, तिकडे टायरला. पुढच्या पन्नास किलोमीटरांत त्याला जे सांगितलं, आणि नंतर घरी येऊन जे नीट वाचून घेतलं, ते इथे मांडतो.

रबर थंडीत कडक का होतं

हिवाळ्यात आपल्याकडे आई खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवायची. तेल थिजलेलं असायचं. रबराचंही थोडंफार तसंच आहे, फक्त फरक असा की तेल एका ठरावीक तापमानाला थिजतं आणि रबर हळूहळू कडक होत जातं. टायर रस्त्याला धरून राहतो तो रबर मऊ असल्यामुळे. डांबराच्या पृष्ठभागावर बारीक बारीक खडे असतात. मऊ रबर त्या खड्यांभोवती दाबलं जातं, त्यांच्या सांदीत शिरतं. हीच पकड. रबर कडक झालं की ते खड्यांच्या नुसत्या टोकांवर टेकतं आणि ब्रेक दाबला की सरकतं.

टायरचं रबर म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्यात नैसर्गिक रबर असतं, कृत्रिम रबर असतं, काजळी असते (टायर काळा दिसतो तो तिच्यामुळे), सिलिका असते, तेल असतं. या मिश्रणाचं प्रमाण बदललं की टायर कुठल्या तापमानाला मऊ राहणार ते बदलतं. हिवाळी टायरचं मिश्रण असं असतं की शून्याखालीही ते लवचिक राहावं. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. बर्फावर चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात.

टायर कंपन्या सांगतात की तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली राहू लागलं की हिवाळी टायर लावा. हा आकडा बराच गाजलेला आहे. पण ७ म्हणजे काही दिव्याचा खटका नव्हे, की ८ला टायर चांगला आणि ६ला वाईट. कोरड्या रस्त्यावर साधा टायर त्याखालीही बऱ्यापैकी चालतो. खरा घोटाळा होतो तो थंडीच्या जोडीला बर्फ, दंव किंवा ओला रस्ता आला की. जर्मनीतला कायदाही म्हणूनच तारखेला बांधलेला नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा राडा किंवा दंवाचा थर असेल तर हिवाळी टायर सक्तीचे, नसेल तर नाही. ऑक्टोबर ते ईस्टर हा लोकांनी सोयीसाठी पाळलेला शिरस्ता.

आता आपली थंडी

आपल्याकडे थंडीची लाट आली की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पेपरात येतो. पाच, सहा, सात अंश. सातपुड्यात डाबच्या बाजूला दव गोठल्याचे फोटो फिरतात. रावेर-यावलकडचे केळीवाले रात्री बागेच्या कडेला ओला पाला पेटवून धूर करतात. म्हणजे थंडी खोटी नाही.

पण हा आकडा असतो पहाटेचा, आणि तोही वर्षातल्या थोड्याच पहाटांचा. दहा वाजले की स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो. दुपारी २८-३० अंश होतात. शिवाय गाडी चालू लागली की टायर दर फेऱ्याला दाबला जातो, सुटतो, आणि त्या मळण्यानं स्वतःच गरम होतो. धुळ्याहून पहाटे निघालेल्या गाडीचा टायर मालेगाव येण्याच्या बराच आधी गरम झालेला असतो.

उलट बाजूला मे महिना आहे. जळगाव-भुसावळला ४५ अंश म्हणजे आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. हवा ४५ असली की डांबर साठीच्या वर जातं. शून्याखाली मऊ राहण्यासाठी बनवलेलं रबर अशा डांबरावर काय करेल? लोण्यासारखं वागेल. भराभर झिजेल, वळणावर गाडी लदलद करेल, आणि ब्रेकचं अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. तेव्हा भाच्याला मी सांगितलं ते एवढंच: खान्देशात टायर निवडायचा तो मे महिना आणि जुलै महिना डोळ्यांपुढे ठेवून. डिसेंबरसाठी वेगळा टायर घ्यायचा नाही, आहे त्या टायरची हवा बघायची.

हवा बसते म्हणजे काय होतं

पंक्चरवाल्याचं वाक्य भौतिकशास्त्राच्या पुस्तकात घालण्यासारखं आहे. बंद जागेतली हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो. टायरमधून काहीही बाहेर पडलेलं नसतं, हवा तेवढीच असते, पण तिचे रेणू मंदावतात आणि टायरच्या भिंतीवर कमी जोरानं आपटतात.

हिशोब करून बघू. ऑक्टोबर हिटमध्ये, दुपारी, गाडी चालवून पंपावर नेली आणि ३३ हवा भरून घेतली. टायरमधली हवा तेव्हा समजा ४० अंशांवर होती. डिसेंबरच्या पहाटे तीच हवा १० अंशांवर आली. वातावरणाचा दाब धरून गणित केलं तर मीटरवर साधारण साडेअठ्ठावीस दिसतात. साडेचार पीएसआय नुसत्या थंडीनं गेले. ढोबळ लक्षात ठेवायचं तर दर १० अंशांना दीड पीएसआय. त्यात चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दोन पीएसआय आपोआप पाझरते. मी दोन महिने मीटर लावला नव्हता. माझे २५-२६ कुठून आले ते आता कळलं असेल.

दुपारी दोंडाईच्यात उन्हात गाडी उभी होती, तेव्हा मुद्दाम परत मोजलं. पहाटे भरलेले ३३ आता ३६ झाले होते. इथे बहुतेक जण चूक करतात. "हवा जास्त झाली" म्हणून सोडून देतात आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तोच पिवळा दिवा. गरम टायरची हवा कधी सोडायची नाही. गाडीच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा चिकटवलेला असतो तो थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी काही तास उभी असताना किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली असताना. गरम झाल्यावर दाब वाढणार हे कंपनीनं आधीच धरलेलं असतं. टायरच्या अंगावरही एक मोठा आकडा छापलेला असतो, पण ती कमाल मर्यादा. तेवढी भरायची नसते.

हाच गैरसमज उन्हाळ्यात उलट्या रूपात भेटतो. "ऊन फार आहे, हवा दोन-तीन कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हे वाक्य मी इतक्या जाणत्या लोकांकडून ऐकलं आहे की विरोध करताना जीभ जड होते. पण खरं उलटंच आहे. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त दबतो म्हणून जास्त तापतो, आणि तापून तापून त्याचे थर सुटतात. मे महिन्यात महामार्गावर टायर फुटतो तो पुष्कळदा कमी हवेमुळे, त्यावर लादलेल्या वजनामुळे आणि वेगामुळे.

नायट्रोजन भरला तर? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तोही थंडीत तितकाच बसतो. किंचित हळू पाझरतो, ओलावा नसतो, एवढा फायदा खरा. फुकट मिळत असेल तर भरा.

टायरच्या अंगावर काय लिहिलेलं असतं

टायर विकत घेताना आपण नाव आणि भाव विचारतो, आणि टायरवर जे छापलेलं असतं ते वाचत नाही. बरंचसं वाचायची गरजही नाही. '१८५/६५ आर १५ ८८ एच' यातले पहिले आकडे मापाचे: रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो चालतं आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. कंपनीनं दिलंय त्यापेक्षा हे दोन्ही कमी घ्यायचे नाहीत, बस.

हिवाळ्याच्या नावानं फसगत होते ती 'एम' आणि 'एस' या अक्षरांवर. एसयूव्हीच्या बऱ्याच टायरवर ती असतात. चिखल आणि बर्फ यांची ती इंग्रजी आद्याक्षरं. दुकानदार बोट ठेवून सांगतो, "साहेब, हा बर्फावर पण चालतो." ती अक्षरं नक्षी कशी आहे एवढंच सांगतात, बर्फावर चाचणी झाली असं नाही. चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४पासून नुसती 'एम' आणि 'एस' अक्षरं हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत, डोंगर-चांदणी लागते. जळगाव-धुळ्याच्या दुकानात हे चिन्ह शोधत बसू नका. आपल्याला ते नकोच आहे.

बघायचं ते वेगळंच. टायरच्या एका बाजूला 'डीओटी' या अक्षरांपुढे लांबलचक सांकेतिक क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. २३२२ असेल तर टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कधी कधी हे आकडे गाडीच्या आतल्या बाजूला जातात, म्हणून बसवण्याआधीच बघायचे. दोन वर्षांपूर्वी मला एका दुकानात नवा कोरा, केसांसारखे रबराचे तंतू अंगावर असलेला टायर दाखवला. तारीख वाचली तर चार वर्षांपूर्वीची. दुकानदार म्हणाला, "माल फ्रेश आहे, गोडाऊनमध्येच होता." गोडाऊन पत्र्याचं होतं. रबराचा शत्रू उष्णता, ऊन आणि हवेतला ऑक्सिजन. आपल्याकडच्या पत्र्याखाली चार उन्हाळे काढलेला टायर वापरलेला नसला तरी म्हातारा झालेला असतो. आणि म्हातारं रबर थंडीत आणखी कडक होतं. मे महिन्यानं केलेलं नुकसान डिसेंबरच्या पहाटे ब्रेक दाबताना कळतं ते असं.

पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणत्याला दाखवून घ्यावा आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नये, असं कंपन्याच सांगतात. आपल्या उन्हात मी दहाची वाट बघणार नाही. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसू लागल्या किंवा कुठे फुगा आला की विषय संपला.

नक्षीच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. झिजून नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानं कारचा टायर संपला. पण ओल्या रस्त्यावर त्याच्या आधीच तो कामातून गेलेला असतो. खाचांचं काम पाणी बाजूला फेकायचं. खाच उथळ झाली की पाणी चाकाखालीच अडकतं आणि गाडी त्या पाण्यावर तरंगते. स्टेअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, काही उपयोग होत नाही. मी तीन मिलिमीटरला बदलतो. गोटा झालेल्या टायरवर अजून एक पावसाळा काढू म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही, फक्त त्यांच्या गाडीत बसत नाही.

पाऊस हिवाळ्याच्या लेखात कुठून आला? आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी येतोच, कधी गारांसकट. आणि अवकाळी नसला तरी रब्बीचं पाणी आहे. गव्हाला, हरभऱ्याला दिलेलं पाणी बांध फुटून रस्त्यावर येतं. ट्रॅक्टर शेतातून वर चढतो आणि चाकातली काळी माती डांबरावर सोडत जातो. तिच्यावर पहाटेचं दव पडलं की जो लगदा होतो, त्यावरून मोटारसायकल घातलेल्या माणसाला बर्फ कसा असतो हे समजवायला नको. केळीच्या भागात घडांच्या गाड्यांमागे पडलेली पानं आणि सोपटं असतात, तीही तशीच. असल्या ठिकाणी हिवाळी टायर वाचवत नाही. खोल खाचा, योग्य हवा आणि कमी वेग, एवढंच हाताशी असतं. दुचाकीवाल्यांनी तर पहाटे पहिले दोन-चार किलोमीटर, टायर गरम होईपर्यंत, वळणं सरळ अंगानं घ्यावीत.

एक गोष्ट टायरवाल्याशी भांडून करून घ्या. चारऐवजी दोनच नवे टायर घेतले तर ते मागच्या चाकांना बसवायचे. बहुतेक ठिकाणी पुढे बसवून देतात, कारण स्टेअरिंग पुढे, इंजिनाचा जोर पुढे. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जात राहते, आपल्याला ते लगेच कळतं आणि पाय उचलला की पुष्कळदा सावरते. मागची घसरली तर गाडी भिंगरीसारखी फिरते. कन्नडच्या घाटात ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर सावरायला जागा कुठे आहे? म्हणून जास्त खोल खाचा मागे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी मागेच.

आणि मनालीला गाडी न्यायची असेल तर

हे विचारणारे आता वाढले आहेत. डिसेंबरात मुलांना बर्फ दाखवायला स्वतःची गाडी काढायची. तोरणमाळला जायचं असेल तर आहे ते टायर बास. साडेअकराशे मीटर उंची, थंडी कडक, पण रस्त्यावर बर्फ नाही. तिथल्या घाटात टायरपेक्षा ब्रेक आणि गिअर महत्त्वाचे.

मनालीच्या वर, सोलंग किंवा अटल बोगद्याकडे ताजा बर्फ पडला की पोलीस साध्या गाड्या अडवतात. चारही चाकांना जोर असलेली गाडी किंवा चाकांना साखळ्या, असं असेल तरच सोडतात. साखळी जोर लागणाऱ्या चाकांना बांधायची, चाळीसच्या वर जायचं नाही, आणि बर्फ संपून डांबर लागलं की लगेच काढायची. आठ दिवसांच्या सहलीसाठी चार हिवाळी टायर घेऊन ते भुसावळच्या उन्हात परत आणण्यात अर्थ नाही. गाडी खाली हॉटेलात ठेवावी आणि वरच्या दिवसापुरता तिथला ड्रायव्हर आणि त्याची गाडी करावी. डांबरावर काचेसारखा पातळ, डोळ्यांना न दिसणारा बर्फ असतो, तो ओळखायला नजर तिथलीच लागते.

भाचा जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पहाटे अंगणात चारही चाकांची हवा मोजली. आता गाडीत स्वतःचा मीटर ठेवतो, तीन-चारशे रुपयांत मिळतो. चारही ३३ला बरोबर. मी समाधानानं डिकी लावत होतो तेवढ्यात तो म्हणाला, "मामा, स्टेपनी?" गाडी घेतल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. गादी उचलली, मीटर लावला. अकरा.